कुंपणाबाहेरचं पाऊल

पूर्वी चंपानगरीत महीसेन राजा राज्य करत असताना बोधिसत्त्व सोमिल नावाचा तापस होऊन नदीअलीकडच्या आश्रमात राहत होता. तिथे जुन्या ऋषींचं सूत्र रोज पहाटे म्हणत: पावसाचे चार महिने कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये, कोवळा कोंब, मुंगी, गांडूळ पायाखाली मरतं. सोमिल या एका वाक्यावर भाळूनच घर सोडून आला होता. मुंगीची काळजी करणारी माणसं जगात आहेत, याचंच त्याला केवढं अप्रूप!

बाकीच्यांनाही सूत्र आवडायचं, पण कारण वेगळं. चार महिने लाकडं आणायला नको, भिक्षेला हिंडायला नको. शेजारच्या पुष्कर कुंभाराची बायको रेवा कुंपणापलीकडे मडकंभर पेज ठेवून जायची. ती घेताना हात बाहेर गेला तरी चालायचा. सूत्रात पायच म्हटलाय ना!

श्रावणातल्या एका दुपारी रेवा धावत आली, रिकाम्या हातांनी.

"बाबांनो, मडक्यांच्या आव्यावरचं छप्पर बसलं! पुष्कर तुळईखाली अडकलाय. बोलतोय अजून. हात लावायला चला!"

नगर नदीपलीकडे, आणि नदीला पूर. हाक मारावी असं दुसरं कुणी नव्हतं.

आश्रमाचे कुलपती कालक डोळे मिटून म्हणाले, "बाई, चातुर्मास आहे."

"मला शिकवता चातुर्मास? पेज कोण आणतंय?"

"नियम ऋषींचा आहे. आमचा नाही."

"मग पाठवा ऋषींना तुळई उचलायला!"

एक तापस फिसकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

सोमिल कुंपणापाशी गेला. पाय उचलला. खाली चिखलात एक गोगलगाय निवांत चालली होती. त्याचा पाय तसाच राहिला. आज एवढं मोडलं, तर उरलेल्या सूत्रावर आपला विश्वास कशाच्या जोरावर राहील? तो मागे फिरला.

"आचार्य, ऋषींनी हे का सांगितलं असेल?"

"का ते सूत्रात नाही," कालक म्हणाले.

झालं. चर्चा सुरू. कुणी सूत्र सुलटं म्हणून दाखवलं, कुणी उलटं. रेवा केव्हा निघून गेली, कुणाला कळलंही नाही. मोकळी वाट दिसली तेव्हा सोमिल उठला. मुंगीच्या मायेपोटी सुचलेलं वाक्य माणसाला चिरडू दे म्हणेल का? तो कुंपण ओलांडून पळत सुटला. पायाखाली काय काय आलं, ते त्यानं पाहिलं नाही.

रेवानं एकटीनं तुळई हातभर सरकवली होती. पुष्कर आता बोलत नव्हता. सोमिलनं दुसरं टोक धरलं, तशी तुळई सहज उचलली गेली. दोन माणसांचंच काम होतं ते.

रेवानं त्याच्याकडे पाहिलं. "आलास? जपून हो. मुंग्या आहेत तिथे."

सोमिल आश्रमात परतला नाही. पूर ओसरल्यावर नगरातले लोक कालकांना बोलू लागले, तेव्हा त्यांनी सूत्राला शेपूट जोडलं: कुंभारावर छप्पर पडल्यास पाऊल टाकावे. सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात एक तेली पुरात वाहत चालला आणि ओरडू लागला. तापसांनी सूत्र पहिल्यापासून म्हणून पाहिलं. त्यात तेली नव्हता. त्याला बाहेर काढलं ते काठावर झोपडी बांधून राहिलेल्या सोमिलनं. तो अजूनही वाटेनं खाली बघत, मुंग्या टाळत चालायचा. हाक आली की मात्र बघायचा नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, कालक आज तुमच्यातच बसलाय. मघाशी दारातल्या तापानं फणफणलेल्या माणसाला पाणी देणं नियमात बसतं का, असं विचारत होता, तोच. हसणारा तापस त्याच्या शेजारी आहे. सोमिल मी होतो."

"आणि रेवा, भंते?" एकानं विचारलं.

शास्ते म्हणाले, "ती मला पुन्हा कुठल्याच जन्मात भेटली नाही."

या कथेतला गुण करुणा. त्या जन्मी ती पोचली, पण उशिरा.