पुसणीच्या माळावरची उकळी

धोंडेवळणच्या वरच्या अंगाला जो उघडा माळ दिसतो, त्याला पुसणीचा माळ म्हणतात. माळावर गुडघाभर उंचीचे धोंडे रोवलेले आहेत. त्यांना शेंदूर नाही, त्यांच्यापुढं नारळ फुटत नाही. नावं मात्र आहेत. हा पाझर, तो गाळ, पलीकडं झरा, त्याच्या शेजारी भेग. या सगळ्यांपासून फटकून, उताराच्या तोंडाशी एक काळा धोंडा आहे. त्याचं नाव उकळी. गावची माणसं त्याच्यापुढून जाताना पायताणं हातात घेतात आणि बोलणं थांबवतात. माळाचे राखणदार हैबती आबा पाहुण्यांना तो लांबूनच दाखवतात, सावलीला बसवतात आणि मग सांगू लागतात.

फार मागं, म्हणे, या मुलखात तळी बांधणाऱ्यांची वस्ती होती. पाऊस बेभरवशाचा, म्हणून ओढ्याओढ्यावर मातीचे बांध घातलेले. बांध म्हटला की दुखणी आलीच. ज्याचा बांध दुखे तो बाजाराच्या दिवशी माळावर येई आणि त्या जागची मूठभर माती सोबत आणी. प्रत्येक धोंड्यापाशी त्या दुखण्यात हयात घालवलेली जाणती माणसं बसलेली असत. आलेल्याचं ऐकून त्याला नेमक्या धोंड्यापाशी धाडायचं, हे राखणदाराचं काम. माती धोंड्याच्या पायाशी ठेवायची, विचारायचं, उत्तर घेऊन घरी जायचं.

एका काळी या माळावर धोंड्यांचं रान माजलं होतं. जो तो म्हणे, माझ्या बांधाचं दुखणं निराळं, आणि आपला धोंडा रोवून जाई. एका भेगेच्याच किती भेगा झाल्या: उभी भेग, आडवी भेग, उन्हाळी भेग, पाटलाच्या बांधाची भेग. जाणती माणसं विखुरली. विचारणारा एका धोंड्यापाशी ताटकळे आणि उत्तर ठाऊक असलेला दुसऱ्यापाशी पेंगत बसे. तेव्हाचा राखणदार राणोजी याने ते फालतू धोंडे उपटून दरीत लोटले. मरताना त्याने आपल्या लेकीच्या, भिवराच्या हातावर पाणी सोडून वचन घेतलं, की एकट्यादुकट्याच्या सांगण्यावरून माळावर नवा धोंडा उभा करायचा नाही. वर हेही म्हणाला, असे सांगतात, की दुखण्याला नाव दिलं की ते घर शोधत येतं.

भिवराने ते वचन जिवापाड जपलं. लोक रागावत, तिला दगडाच्या काळजाची म्हणत. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळू लागलं होतं, आणि ते तिला दिसत होतं.

हस्ताचा पाऊस लागून तळी काठोकाठ भरली, त्या साली आडवलीचा मायाप्पा आला. बांध घालणाऱ्यांतला नावाजलेला माणूस, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता. बांधाला चीर नाही, ओल नाही, असं तो सांगत होता. बांधापासून चांगलं लांब, खालच्या रानात जमिनीला तोंडं पडली होती. त्यांतून भात शिजल्यागत पाणी उसळत होतं आणि तोंडाभोवती वारुळासारखी बारीक वाळू साठत होती.

"आक्का, ह्येला तुझ्याकडं धोंडा न्हाई," तो म्हणाला. "नवा लाव."

भिवराने त्याला समजावलं, की पाणी बांधाखालून येतंय, म्हणजे पाझरच. मायाप्पाने आणलेली मूठभर वाळू पाझराच्या पायाशी ठेवली. तिथं येमाजी बसत असे. त्याच्याएवढा पाझराचा जाणता दुसरा नव्हता. तो म्हणाला, पाझरतो तो बांध जिता असतो, घोर करू नकोस. मायाप्पा गेला, पण जाताना दोनदा मागं वळून पाहत गेला.

पुढच्या बाजारी खैरवची एक बाई आली. तिच्या शेतात थंडगार पाणी बुडबुडत होतं. भिवराने तिला झऱ्याकडं धाडलं. तिथल्या म्हाताऱ्यांनी तर तिला नशीबवान ठरवलं. त्याच दिवशी ऊन उतरताना एक धनगर आला. ओढ्यात नसता गढूळपणा आलाय, मेंढरं पाणी पीत नाहीत, एवढंच त्याला सांगता येत होतं. त्याला गाळाचा धोंडा मिळाला. तिघांचे शब्द तीन तऱ्हेचे, तिघांची वाट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा माळ झाडत होती. झाडता झाडता पाझरापाशी तिचा हात थांबला. मायाप्पाने ठेवलेली मूठभर वाळू सुकून पांढरी पडली होती. तसलीच पांढरी, पिठासारखी वाळू झऱ्यापाशी होती. गाळापाशीही तीच. तिने तिन्हीकडची चिमूट चिमूट तळहातावर घेतली आणि बोटाने कालवली. कुठली कुठली हे तिला पुन्हा ओळखता येईना. आसपासच्या कुठल्याच बांधावर अशी वाळू नव्हती, वर सगळी काळी माती. ही खालून, बांधांच्या पोटाखालून येत होती.

ती तशीच येमाजीच्या खोपटाकडं गेली आणि तळहात त्याच्यापुढं धरला. येमाजीने वाळू चिमटीत घेऊन चोळून पाहिली. मग त्याने तिची मूठ आपल्या हाताने मिटवली.

"ह्येला नाव देऊ नगंस, पोरी. तुझा बा काय म्हनला हुता, ध्येनात हाय न्हवं? फुडल्या बाजारापतोर थांब."

भिवरा थांबली. हैबती आबा इथं आवाज खाली आणतात. तिला थांबायला सांगितलं याचं तिला बरंच वाटलं होतं, म्हणे.

पुढचा बाजार उजाडायच्या आतच माळाखालची नदी फुगली. आभाळ कोरडं होतं आणि नदी काठ सोडून चालली होती. पाण्यावरून छपरं आली. दाव्यासकट गुरं आली. एक पाळणा आला, तो वडाच्या मुळीला अडकून फिरत राहिला. आडवलीचा बांध वरून फुटला नव्हता, बुडातून पोखरून बसला होता. मायाप्पा पुन्हा कुणाला दिसला नाही.

भिवरा काठावर उभी होती. बापाने एकट्यादुकट्याच्या सांगण्यावरून नको म्हटलं होतं. तीन गावं येऊन गेली होती. वचन केव्हाच फिटलं होतं आणि ती त्याच्या आडोशाला बसून राहिली होती.

पाणी ओसरल्यावर तिने बैल जुंपले आणि आडवलीच्या बांधाच्या बुडातला काळा धोंडा ओढत माळावर आणला. येमाजी आडवा आला नाही. धोंडा रोवून तिने त्याला मोठ्याने नाव दिलं, उकळी. मग पाझराच्या, झऱ्याच्या आणि गाळाच्या जाणत्यांना ती एकेक करून हाताला धरून त्याच्यापाशी घेऊन आली. आजवर ते कधी एकमेकांच्या धोंड्याला गेले नव्हते. एकाला पाणी कळत होतं, एकाला वाळू, एकाला जमिनीच्या आतल्या वाटा. दिवस मावळायच्या आत उत्तर निघालं. तोंड बुजवू नका, बुजवलं तर दुसरीकडं फुटेल. वर भरड वाळू घाला, तिच्यावर खडी, खडीवर दगड. पाणी जाऊ द्या, माती अडवा. धनगराच्या ओढ्यावरचा बांध त्या उत्तराने वाचला. खैरवला निरोप पोचेपर्यंत खैरव उरलं नव्हतं.

भिवराने उरलेलं आयुष्य त्या काळ्या धोंड्यापाशी काढलं, असे सांगतात. तिने घालून दिलेली रीत आजही मोडलेली नाही. कुणी नवा धोंडा मागितला तर राखणदार हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आलेल्याची मूठभर माती तळहातावर घेऊन तो आधी माळावरच्या प्रत्येक धोंड्याच्या पायाशी जातो, वाकतो, तीच माती आणखी कुठं पडली आहे का पाहतो, आणि मगच बोलतो.

आता बांध थोडे राहिलेत, बोअर उदंड झालेत. तरी माणसं येतात. यंदा पाझरापाशी एकाने राखेसारखी हलकी, करडी भुकटी ठेवली आहे. झऱ्यापाशी दुसऱ्या गावच्या एकाने ठेवली, तीही तशीच. जाणत्यांना विचारलं, त्यांना अजून काही सांगता आलेलं नाही.

एवढं सांगून झालं की हैबती आबा कनवटीची पुरचुंडी सोडतात आणि पाहुण्याच्या हातावर त्यातली चिमूटभर करडी भुकटी ठेवतात.

"तुमच्या गावाकडं असं काय वर येतंय का?" ते विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत हात सोडत नाहीत.