उंबऱ्यावरचा तांब्या

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यांना घेऊन समुद्रकाठच्या एका गावी शिबिरासाठी राहायला गेले. शिबिराचा विषय होता अंतःकरणाची शुद्धी. तिथे त्यांनी काय शिकवले, हे त्या गावात आज कोणालाही आठवत नाही. ते मागे काय ठेवून गेले, हे मात्र एका बाईला चांगले आठवते.

तिचे नाव चंद्रभागा मयेकर. नवरा गेल्यावर तिने आपले राहते घर सुट्टीला येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. पाहुणे आले की ती आपले अंथरूण आणि देव उचलून मागच्या पडवीत जायची. पाहुणे गेले की परत पुढे यायची. आपण ज्याला मजेने 'सुट्टीतले घर' म्हणतो, ते असे कोणाचे तरी रोजचे घर असते. हे पाहुणे तिच्याकडे पाठवी शहरातला एक व्यापारी. त्याने पाठवले तर तिची चूल पेटे.

शिष्यमंडळी पोहोचली तेव्हा ती पाय धुवायला पाणी आणि वाटीत गूळ घेऊन दारात उभी होती.

"इलात? या, आधी पाय धुवा."

पट्टशिष्याने तिला हातानेच थांबवले. त्याच्याजवळ पितळी तांब्या होता. त्यात गोमूत्र घातलेले पाणी आणि दर्भाची काडी. भाड्याच्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी ते घर शुद्ध करून घ्यायचे, हा या मंडळींचा शिरस्ता होता.

"इथे आधी कोण राहून गेलं असेल, त्यांनी काय खाल्लं-प्यायलं असेल, देव जाणे," तो म्हणाला आणि उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत शिंपडत गेला. जाता जाता चार थेंब चंद्रभागेच्या अंगावरही उडाले.

"माझ्यार पण शिपडलात!" ती हसली. "माझ्याच घरात माझीच बाधा की काय?"

शिष्य हसले नाहीत. आचार्यांनी मात्र तिच्या हातून पाणी घेतले, पाय धुतले, गुळाचा खडा तोंडात टाकला.

त्याच संध्याकाळी व्यापारी डोकावून गेला. ओटीवर सगळ्यांच्या देखत तो चंद्रभागेला म्हणाला, "काकी, मागच्या वेळच्या लोकांनी मोरीला वास येतो म्हणून तक्रार केली. ही मंडळी निघाली की त्याच सकाळी मी एक मोठं कुटुंब आणतोय. पुन्हा बोल लागला, तर मी इकडे माणूस पाठवणार नाही. स्पष्ट सांगतो."

"मोरी त्येंनीच तुंबवल्यानी होती," ती पुटपुटली.

"ते मला सांगू नका. घर तुमचं आहे."

पट्टशिष्याने मान डोलावली. "बरोबर आहे. स्वच्छता ही हवीच."

पुढच्या दिवसांत त्या घरात पहाटे मंत्र, दुपारी प्रवचन आणि संध्याकाळी ध्यान होत असे. आणि समुद्रावरून आलेले वाळूचे पाय थेट पलंगावर जात. ओले पंचे तिच्या नवऱ्याने घडवलेल्या शिसवी बाकावर पडून राहत. बाकावर पांढरे डाग उमटले. चहाचा चोथा आणि भाताची शिते मोरीत, केसांची गुंतवळ न्हाणीच्या तोंडाशी, कालच्या पूजेची फुले पिशवीत भरून पलंगाखाली. धूपाचा निखारा कोणीतरी फरशीवरच ठेवला. तिथे बशीएवढा काळा डाग पडला, तर त्यावर चटई सरकवण्यात आली. पंखे रिकाम्या खोलीत फिरत. एकाने दबक्या आवाजात म्हटले, "जरा आवरूया का?" तर दुसरा म्हणाला, "भाडं दिलंय ना? त्यातच आलं ते सगळं."

केरसुणी घेऊन चंद्रभागा रोज दाराशी येई.

"मोरी तुंबली हा. जरा मोकळी करून दितंय."

"आत्ता नको, काकू. ध्यान चाललंय."

ती मागे फिरे. संध्याकाळी पुन्हा येई. पुन्हा ध्यान चाललेले असे. मन इतके निर्मळ करण्याचा उद्योग चालू असताना मोरीसाठी वेळ कोणाला असणार?

आचार्य हे सारे पाहत होते. आपला पंचा ते स्वतः धूत, आपले ताट स्वतः घासत. शिष्य त्यांच्या साधेपणाचे कौतुक करीत, आणि आपापली ताटे मोरीत सरकवून देत.

निघायचा दिवस उजाडला. रस्त्यावर गाडीने भोंगा दिला. शिष्यांनी चार्जर, चष्मे, जपमाळा सगळे शोधून भरले. आपले म्हणून त्या घरात काहीही विसरले नाही. सारे अंगणात आले. आचार्य मात्र उंबऱ्याजवळ थांबले होते.

"शिंपडायचं पाणी उरलंय का रे?"

पट्टशिष्याने आनंदाने तांब्या काढून दिला. आचार्यांनी तो उंबऱ्यावर मधोमध ठेवला, दर्भाची काडी त्यावर आडवी ठेवली, आणि बाजूला होऊन उभे राहिले.

"गुरुजी, तांब्या राहील इथे."

"राहू दे. आता येणाऱ्या माणसांना लागेल."

शिष्य गोंधळला. "त्यांना कशाला?"

उत्तर यायच्या आत व्यापाऱ्याची गाडी फाटकाशी थांबली. नवे कुटुंब वेळेआधीच आले होते. त्यांतल्या बाई पुढे झाल्या, दारातून आत डोकावल्या आणि पदर नाकाला लावून मागे सरल्या. व्यापारी आत जाऊन आला. त्याने अंगणातल्या शुभ्र कपड्यांच्या मंडळींकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने थेट मागच्या पडवीतून चंद्रभागेला अंगणात बोलावले.

"काकी, काय हे? बजावून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

चंद्रभागेने पट्टशिष्याकडे पाहिले. एवढेच. त्याने एक वाक्य बोलायचे होते. ते त्याच्या ओठांवर आलेही असेल. पण अंगणातले सहकारी पाहत होते, नवे लोक पाहत होते. तो वाकून आपल्या पिशवीचे बंद आवळू लागला.

"ही माणसं अशीच," नाकावरचा पदर न काढता त्या बाई म्हणाल्या. "यांना घाणीची सवयच असते."

तेव्हा आचार्य पुढे आले. "ताई, ही घाण आमची आहे. मी आणि माझ्या शिष्यांनी केलेली. या बाई रोज झाडू घेऊन दारात येत होत्या, आम्ही त्यांना आत येऊ दिलं नाही."

व्यापारी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला.

"महाराज, थोर आहात. दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेता! असे लोक आहेत म्हणून जग चाललंय."

"अहो, मी दोष घेत नाही. खरं सांगतोय."

"तेच तर मोठेपण!" त्या बाईंनीही पाया पडून घेतले. मुलांनाही पाया पडायला लावले. मग ते सगळे व्यापाऱ्याच्या गाडीत परत बसले. जाताना व्यापारी खिडकीतून चंद्रभागेला म्हणाला, "तुमचं घर माझ्यापुरतं बंद, काकी." गाडी गेली.

पट्टशिष्य पिशवी खाली ठेवून आचार्यांपाशी आला.

"गुरुजी," त्याने विचारले, "त्यांनी तुमच्यावर विश्वास का नाही ठेवला?"

"ठेवला की. माझ्या कपड्यांवर ठेवला," आचार्य म्हणाले. "आलास तेव्हा तू पाणी शिंपडलंस. कोणाच्या भीतीनं? आपल्याआधी राहून गेलेल्या माणसांच्या. ती तू कधी पाहिली नव्हतीस, तरी ती गलिच्छ असणार याची तुला खात्री होती. तीही अशीच अंघोळ करून, गंध लावून बाहेर पडली असतील, आपल्यासारखी. आज आधीची माणसं आपण आहोत. म्हणून म्हटलं, तांब्या राहू दे. आलो ती जागा शुद्ध करून घेणं म्हणजे दुसऱ्यावर संशय, बाळ. त्याला काही लागत नाही. सोडलेली जागा स्वच्छ करणं म्हणजे स्वतःवर संशय. तो आपल्याला सहन होत नाही."

ओटीच्या खांबाला टेकून चंद्रभागा ऐकत होती.

"बोललात ता बरा बोललात," ती म्हणाली. "पण तुमी ह्यां पयल्याच दिवशी बोलला असतात तर?"

आचार्यांनी मान खाली घातली. शिष्य आपण होऊन शिकतील, या सुंदर कल्पनेची किंमत दुसऱ्याच कोणाच्या घराने दिली होती.

पट्टशिष्याने रस्त्यावरची आपली गाडी थांबवून ठेवली. मुकाट्याने केरसुणी उचलली आणि आत गेला. त्याच्यामागून एक एक करीत बाकीचे गेले. मोरीत कोपरापर्यंत हात घातले गेले, वाळू निघाली, चटईखालचा डाग घासला गेला. तो गेला नाही. दुपारपर्यंत ते घर इतके लख्ख झाले की कोणीही यावे आणि खुशाल राहावे.

पट्टशिष्य शेवटी ओटी झाडत होता, तेव्हा चंद्रभागेने त्याच्या हातून केरसुणी काढून घेतली. रागाने नव्हे.

"ऱ्हवांदे. आता कोणासाठी झाडतात तुमी?"

तिने आपले देव आणि अंथरूण पडवीतून पुढे आणले आणि दार लावून घेतले. पितळी तांब्या बाहेर उंबऱ्यावर तसाच होता. तो उचलून नेण्याची हिंमत कोणालाच झाली नाही.

पुढे ती मंडळी दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी उतरली, तेव्हा कोणीतरी सवयीने शिंपडायचे पाणी पुढे केले. पट्टशिष्याने ते बाजूला ठेवले आणि घरमालकिणीला एवढेच विचारले, "काकू, केरसुणी कुठे असते?"

परक्या घरातून निघताना आपले काही राहिले का, हे आपण सगळेच पाहतो. जे राहिलेले असते, ते आपलेच आहे असे म्हणायला मात्र कोणी थांबत नाही.