केरबाची गोल्फची तयारी

एका गावात एक भोळा रोपवाटिकावाला होता. नाव केरबा. झेंडू, मिरची, वांगी, जे लावील ते जगायचं, अशी त्याच्या हाताची ख्याती होती. डोक्याची नव्हती. ही गोष्ट सांगणारा त्याला फार जवळून ओळखतो. रोज सकाळी दाढी करताना त्याचीच गाठ पडते.

केरबा तिशीला आला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. कुणी काही सांगितलं की तो ते तसंच्या तसं करायचा, हीच अडचण होती. एकदा मुलगी पाहायला गेले, तर मुलीचे वडील म्हणाले, आपलंच घर समजा. केरबाने समजलं. पोहे येईपर्यंत त्याने त्यांच्या दारातला मोगरा मुळासकट उपटला आणि सावलीतून काढून उन्हात लावला. तिथलं जमलं नाही.

मग मालनचं स्थळ आलं. फोटो पाहिल्यापासून केरबा एकाच वाफ्याला दोनदा पाणी घालू लागला. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून त्याने आईकडून नवससुद्धा बोलून घेतला.

पण मालनचे वडील सुभेदार. फौजेत असताना साहेबलोकांचं पाहून ते गोल्फ शिकले होते, आणि निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या गावाबाहेरचं गोल्फचं मैदान सांभाळत होते. पोह्यांचा कार्यक्रम त्यांना मान्य नव्हता.

"पोहे खाताना सगळेच शहाणे दिसतात," ते म्हणाले. "रविवारी सकाळी माझ्यासंगं गोल्फची एक फेरी खेळा. माणूस तिथं कळतो. मालनही येईल चहा घेऊन."

गोल्फ कशाशी खातात हे केरबाला ठाऊक नव्हतं. हातात पाच दिवस होते. मैदानावर खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारा रावजी त्याला शिकवायला तयार झाला.

मंगळवारी केरबा मैदानावर पोचला, तेव्हा रावजी काठी उगारून चेंडू मारायच्या बेतात होता. केरबाने लांबूनच दणदणीत राम राम घातला. चेंडू तळ्यात गेला.

"कुणी काठी उगारली की गप हुबं राहायचं," रावजी म्हणाला. "बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा."

"चुकलंच माझं," केरबा म्हणाला. "डोक्याच्या जागी कुंडी हाय माझ्या. पुढच्या वेळी ध्यानात ठेवीन."

आणि त्याने ठेवलं. संध्याकाळी शेजाऱ्याची म्हैस रोपवाटिकेत शिरली. आई काठी उगारून धावली आणि केरबाला हाका मारू लागली. काठी उगारलेली पाहून केरबा जागच्या जागी उभा राहिला. बोलला नाही, हलला नाही, श्वास बेताने घेतला. म्हशीने झेंडूची दोनशे रोपं खाल्ली आणि ती आपल्या पायांनी घरी गेली.

आईने कपाळाला हात लावला. अशा वेळी ओरडावं, हात हलवावेत, अंगावर धावून जावं, एवढंही कळू नये का, असं ती म्हणाली. केरबाला पटलं. डोक्याच्या जागी कुंडी असल्याचं त्याने पुन्हा कबूल केलं.

बुधवारी मैदानावर एक वयस्कर डॉक्टर खेळत होते. सकाळपासूनचा त्यांचा सगळ्यांत चांगला डाव होता. आता एकच हलका फटका राहिला होता. त्यांनी काठी उचलली. केरबा ओरडला, त्याने हात हलवले आणि तो डॉक्टरांच्या अंगावर धावून गेला. डॉक्टर मटकन खाली बसले आणि चेंडू भलतीकडेच गेला.

रावजीने डॉक्टरांना पाणी पाजलं आणि केरबाला बाजूला घेतलं. समोरच्याला घाबरवायचं नसतं, त्याला धीर द्यायचा असतो, असं त्याने समजावलं. काहीही होवो, कसंही पडो, टाळ्या वाजवायच्या आणि वा, फार छान, असं म्हणायचं.

केरबा घरी परत येत होता, तेव्हा चावडीपुढे सरपंच नव्या मोटारसायकलसकट गटारात पडले. केरबा थांबला. त्याने टाळ्या वाजवल्या.

"वा, फार छान," तो म्हणाला. "अगदी सरळ गेलात."

सरपंचांनी गटारातूनच त्याला माणुसकी शिकवली. पडलेल्याला आधी उचलावं, मग पुसावं, घरी न्यावं, हळद लावावी. केरबाला आपली इतकी लाज वाटली की तो सरपंचांना न उचलताच मान खाली घालून घरी गेला. पुढच्या वेळी मात्र चुकायचं नाही, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी तो मैदानाच्या मधोमध उभा होता. टप्पकन एक चेंडू येऊन पडला. केरबाने तो उचलला, सदऱ्याने पुसला आणि खिशात ठेवला. मग दुसरा पडला. दुपारपर्यंत अकरा पडले. चार वकील आणि एक इंजिनिअर ऊन उतरेपर्यंत गवतात वाकून काहीतरी शोधत होते. केरबाला त्यांची दया आली, पण त्याला घाई होती. घरी जाऊन त्याने अकराही चेंडूंना हळद लावली.

शुक्रवारी केरबाने पिवळे चेंडू रावजीपुढे ठेवले. रावजीने हात जोडले.

"मैदानावरचं काही घरी न्यायचं न्हाई," तो म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू दिसली तर सुभेदारांच्या खोलीपाशी आणून ठेवायची. आनि एक शेवटचं ऐक. काठी लागून गवताचं ढेकूळ उडतं, खड्डा पडतो. तो बुजवायचा. खड्डा दिसला आनि माणूस तसाच म्होरं गेला, तर तो सुभेदारांच्या मनातून उतरला म्हणून समज."

हे केरबाला मनापासून आवडलं. खड्डे बुजवणं हे त्याचं रोजचंच काम. बाकी गोल्फ त्याला कळलं नव्हतं. मारलेला चेंडू शेवटी जातो कुठे, हेही त्याने अजून पाहिलं नव्हतं, कारण तिथवर जाण्याआधी दरवेळी काहीतरी घडत होतं.

रविवारी उजाडताच तो खुरपं, पोतंभर माती आणि हरळीचे गड्डे घेऊन मैदानावर हजर झाला.

आठ वाजता सुभेदार आले. मागून मालन चहाची किटली घेऊन आली. फोटोपेक्षा ती जास्त चांगली दिसत होती, आणि केरबा खुरपं पाठीमागे लपवून तिच्याकडे पाहत राहिला. धुकं होतं. समोरचा झेंडा दिसत नव्हता, पण सुभेदारांना मैदान पाठ होतं. त्यांनी पहिला फटका सुरेख मारला. दुसरा त्याहून सुरेख. मग ते चेंडूपाशी गेले आणि इकडेतिकडे पाहू लागले. वाकले. गुडघ्यावर बसले. गवतावरून हात फिरवू लागले.

"होल कुठं गेलं?" ते म्हणाले. "चेंडू पाडायचा कशात?"

केरबा पुढे झाला. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी नीट केलंय, असं त्याला वाटत होतं.

"एकपण ठेवला न्हाई, सुभेदारसाहेब," तो म्हणाला. "अठरा खड्डे हुते. सगळे एकसारखे खोल. एखाद्याचा पाय मुरगळला असता. पर कुणीतरी भल्या माणसानं परत्येकात झेंडा रोवून ठेवला हुता, म्हणून लगेच सापडले."

सुभेदार गवतात बसले. हे झेंडे तरी कुठे आहेत, असं त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. दुसऱ्याची वस्तू म्हणून केरबाने ते सुतळीने बांधून त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवले होते. सुभेदार म्हणाले, बरं, निदान खड्डे कुठं होते तेवढं दाखव.

केरबाने पाहिलं. रांगत रांगत पाहिलं. हरळी अशी बसली होती की सांधा हाताला लागत नव्हता.

"झेंडे हुते तवर दिसत हुते," तो म्हणाला.

फेरी न खेळताच माणूस कळला होता. केरबालाही कळला होता. हे स्थळही गेलं म्हणून त्याने मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्याला हसू ऐकू आलं. मालन किटली खाली ठेवून, पोट धरून हसत होती. तिने सगळ्यांत आधी त्यालाच चहा दिला.

"आप्पा, मला चालेल," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "इथून पुढं कुणी काही सांगितलं, की आधी मला विचारायचं."

त्या दिवसापासून केरबा प्रत्येक गोष्ट आधी मालनला विचारतो. ही गोष्ट सांगण्याआधीही त्याने विचारलं होतं. ती म्हणाली, सांगा, पण सरपंचांचं वगळा. तेवढं वगळायचं मात्र राहून गेलं.