मोठी तबकडी

मिरजेच्या तबकडी मंडळाचा एक रिवाज होता: ज्याने त्याने आपली लाडकी तबकडी आणायची आणि बाकीच्यांनी ती मुकाट ऐकायची. पण एस्तेर साळवेने पिशवीतून ‘न्यू वेव्ह’ नावाच्या विलायती पॉप प्रकारातल्या गाण्याचं रिमिक्स काढलं आणि अध्यक्ष विश्वंभरबुवांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तीन मिनिटांचं गाणं ताणून आठ मिनिटं! निम्म्यात शब्दच नाहीत, नुसता ठेका. हे इथे लागणार नाही, बाई."

अशा तबकड्या जमवण्यात एस्तेरची उमर गेली होती. तरी तिने वाद घातला नाही. "बरं बुवा. मग माझ्या पाळीला तुम्ही आणलेली तुमच्या गुरुजींची तबकडी लावू या."

बुवा विरघळले. खरखरीतून गुरुजींचा आवाज उमटला आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तान चढत होती, तेवढ्यात तबकडी संपली.

बुवांनी डोळे पुसले. "गुरुजी आत्ता कुठे रंगात येत होते! तीन मिनिटांत काय गाणार माणूस? जरा मोठी तबकडी मिळाली असती तर!"

"माझ्या या गाणाऱ्यांना मिळाली, बुवा," एस्तेर म्हणाली आणि तिने आपली तबकडी गुरुजींच्या तबकडीवर अलगद धरली. ती चहूबाजूंनी बोटभर मोठी होती.

बुवा त्या काळ्या वर्तुळाकडे बघतच राहिले. मग स्वतः उठून त्यांनी सुई टेकवली. आधी ठेका एकटाच चालत आला, मग एकेक वाद्य त्याला येऊन मिळालं. खोलीत कुणी हललं नाही. फक्त बुवांचा हात मांडीवर ताल धरत होता.

तबकडी थांबली, तसे बुवा दचकले.

"एवढ्यात संपली?"