तुलनेची घरं

“मग लिहू ना बाई, की सोबतिणींचा काही उपयोग झाला नाही?”

दमयंतीबाई मोड आलेले वाल सोलत होत्या. कुटुंबांसाठीच्या योजना खरंच उपयोगी पडतात का, हे त्यांनी आयुष्यभर सोलून पाहिलं. निवृत्तीनंतर चिपळूणला येऊन वाल.

शर्वाणी त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. हे शर्वाणीलाही ठाऊक होतं.

“नीट सांग.”

तिने सांगितलं. निम्म्या गावांत दर महिन्याला बाळंतिणीकडे एक सोबतीण जायची. बसायची, बोलायची. उरलेली गावं तुलनेसाठी. तिथे सोबतीण नाही. वर्षअखेर पाहावं, तर दोन्हीकडच्या बाया सारख्याच सावरलेल्या.

“सोमवारी मी सही केली की योजना बंद. वाईट वाटतं, पण आकडे कुणाची भीड ठेवत नाहीत.”

“तुलनेच्या घरांत कुणीच गेलं नाही?”

“कुणीच नाही.”

“मग तिथली माहिती?”

“मी आणली! दुसऱ्या कुणावर सोडते होय? दर महिन्याला, घरोघरी, स्वतः.”

“हं…”

बाईंनी वालाचं पातेलं दोघींच्या मध्ये सरकवलं. शर्वाणीही सोलू लागली.

“काय विचारायचीस?”

“झोप लागते का, गरम जेवता का, मनातलं कुणाशी बोलता का. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, मध्ये बोलायचं नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं… तुला लागते का गं झोप?”

“मला?” शर्वाणी हसली. “माझा काय संबंध! लागते की.”

बाई थांबल्या.

“म्हणजे… लग्न झाल्यापासून जरा…”

बाई थांबूनच होत्या.

मग शर्वाणी जी सुरू झाली! घरचे सगळे चांगलेच आहेत, कुणी वावगं बोलत नाही. पण वाढता वाढता ती शेवटी पानावर बसते, तोवर आमटी गार झालेली असते. आता ही काय कुणाला सांगायची गोष्ट आहे? आईला सांगावं तर ती उगाच काळजी करणार…

पातेल्यातले वाल संपले. तिचं बोलणं संपलं नव्हतं.

शेवटी तिने ओढणीने डोळे पुसले.

“का कोण जाणे… बरं वाटलं, बाई.”

बाईंनी सालं सुपात गोळा केली.

“हं… तर त्या घरांत कुणीच गेलं नव्हतं, म्हणालीस.”