झरोका नसलेलं वारूळ

वारुळाच्या माथ्यावर झरोका ठेवायचाच, आणि तो कशाला हे विचारायचं नाही, असं वाळवीच्या प्रत्येक पिलाला शिकवलं जाई. फार पूर्वी, चंद्रावर घर बांधायचं माणसाच्या मनातही आलं नव्हतं, तेव्हा वाळवीचं एक कुळ तिथे राहायला गेलं. नव्या वारुळाची आखणी मृदा नावाच्या तरुण वाळवीने केली होती. तिने माथा पक्का लिंपून टाकला.

"झरोका कुठाय गं?" थोरल्या आत्याने विचारलं.

"आत्या, इथे बाहेर वाराच नाही. पृथ्वीवरून आणलेली हवा तेवढी आत आहे. भोक पाडलं तर सगळी निघून जाईल."

"चार बुकं शिकलीस म्हणून आता आम्हाला श्वास घ्यायला शिकवणार? सरक बाजूला."

खालच्या दालनात आजच घातलेली अंडी होती. म्हाताऱ्या वाळव्या वर चढू लागल्या, तशी मृदा लिंपणाला पाठ लावून उभी राहिली.

"मी भोक पाडू देणार नाही. आधी एवढं सांगा, पृथ्वीवर आपण झरोका कशाला ठेवत होतो?"

आत्याने वळून बाकीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्या आत्याकडेच पाहत होत्या.