सुगरणींचं घरटेशास्त्र विद्यापीठ

फार जुनी गोष्ट, पाखरं नुकती कुठे पदव्या घ्यायला लागली होती तेव्हाची. विहिरीवरच्या बाभळीत सुगरणींनी घरटेशास्त्राचं विद्यापीठ काढलं. शेजारच्या बोरीवरची बुलबुलताई हरखली. तिचं पिल्लू अजून अंड्यात होतं, पण त्याच्या शिक्षणाच्या काळजीनं तिची झोप आधीच उडाली होती. आता शाळा दाराशीच!

विद्यापीठानं बोरीची एक फांदी वसतिगृहासाठी मागितली. तिनं कौतुकानं दिली. मग पिल्लू बाहेर आलं आणि पाठोपाठ कुलगुरूबाईही आल्या.

"ताई, तुमच्या घरट्याच्या जागी संशोधन केंद्र होतंय."

"अहो, याला पंख तरी फुटू द्या!"

"ज्ञानाच्या आड येताय?"

बुलबुलताई वरमली. आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला एरवीही वाटायचंच. पिल्लाला घेऊन ती बांधावरच्या निवडुंगात राहायला गेली.

काही दिवसांनी एक विद्यार्थिनी सुगरण तिथे आली. "मावशी, बेघर पाखरांवर प्रबंध लिहितेय. इथे कसं वाटतं?"

"टोचतं गं."

"वा! अजून सांगा ना."

बुलबुलताईनं पिल्लाला पंखाखाली ओढलं. "सगळं सांगते. पण याला तुमच्याकडे प्रवेश मिळेल ना?"

"मिळेल की! फक्त जवळपास राहायची सोय तुमची तुम्ही बघा."